नणंदेचा पिवळा दिवा

माझ्या सुनेनं मला न विचारता माझ्यावर उपकार केला. तिच्या वागण्यातली हीच गोष्ट मला खपत नाही. वाईट सून असती तर सोपं होतं. वाईट सुनेशी कसं वागायचं ते मला चांगलं येतं, माझ्या सासूनं मला त्याची भरपूर तालीम दिलेली आहे. पण ऋतुजा वाईट नाही. माझ्या ताटातली अर्धी भाकरी उचलून खाते. मला ताप आला तर उशाशी बसते. आणि तरी तिनं केलं ते केलं.

मी शालन. शाळा चौथीपर्यंत. तासगावच्या पुढं माळावर बेदाण्याची मोठी शेड आहे, तिथं मी बायकांची मुकादम. आता रंग बघून दाणा वेगळा करणारी यंत्रं आली, बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या, पण बेदाण्याला चिकटलेली बारीक काडी अजून त्या यंत्रांना सापडत नाही. तिला बाईचं बोटच लागतं. म्हणून आम्ही आहोत.

आणि आमची परात आहे. दुपारी सगळ्याजणी आपापला डबा तिच्यात उपडा करतात. कुणाचा झुणका, कुणाची मेथी, कुणाचा शिळा भात, कुणाचा ठेचा. मी ते सगळं माझ्या हातानं कालवते आणि एकेकीला घास देते. हा मुकादमिणीचा मान. नवी बाई कामाला आली की पहिला घास तिला. तो खाल्ला की ती आमची. "नवऱ्याचं नाव बदलंल, पर अक्काचा घास बदलत न्हाई," असं कांचन म्हणते. या शेडमध्ये माझ्या खालोखाल धारदार जीभ कुणाची असेल तर ती कांचनची.

आता शेडमध्ये कुणाला माहीत नव्हती ती गोष्ट. माझा नवरा द्राक्षाच्या ट्रकवर होता. पार दिल्ली-कलकत्त्यापर्यंत जायचा. एकदा तिकडून एचआयव्ही घेऊन आला. तो गेला, आणि जाताना मला तेवढंच देऊन गेला. माझा अवधूत त्याआधीच जन्मून अंगणात रांगत होता, म्हणून तो सुटला. तेव्हापासून मी गोळी घेते. आधी रोजची होती, आता रविवारी एक घेतली की आठवडाभर बघायला नको. रक्त तपासतात तेव्हा विषाणू सापडत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सापडत नाही म्हणजे तुमच्याकडून कुणाला जातही नाही. निर्धास्त राहा." मी निर्धास्त राहिले, पण गप्प राहिले. लोकांच्या डोळ्यांत विषाणू असला तर त्याला गोळी नाही.

लग्नाआधी अवधूतनं ऋतुजाला सगळं सांगितलं होतं. ती अन्नशास्त्र शिकलेली पोरगी. आमच्या घरी आली, माझ्या तांब्यातलं पाणी वरून न पिता तोंड लावून प्यायली, आणि म्हणाली, "आत्ती, चहा मी ठेवू का?" आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. त्या दिवशी मी मनात तिला शंभर गुन्हे माफ करून टाकले. पुढं त्याच शेडमध्ये ती मालाच्या दर्जाची अधिकारी म्हणून लागली. घरात आत्ती, शेडमध्ये मात्र "मुकादम, जरा इकडं या." तेही मी चालवून घेतलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात आमच्या गोळ्या मिळतात. तिथल्या बाकावर एक रीत आहे, कुणी शिकवलेली नाही. ओळखीचं माणूस दिसलं तरी ओळख द्यायची नाही. एकदा बाकाच्या त्या टोकाला रोहिणी बसलेली दिसली. माझ्याच ओळीत काड्या वेचणारी, लहान वयात नवरा गेलेली, कमी बोलणारी रोहिणी. तिनं मला पाहिलं आणि पंख्याकडं बघायला लागली. मीही पंख्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आम्ही काही बोललो नाही. एवढंच, की तेव्हापासून तिच्या घासात मी गुळाचा खडा दाबून द्यायची.

दसरा झाला आणि यंत्र आलं.

दरवाजात काचेची पाटी, तिच्यावर एक दिवा, आणि आत बसलेली एक गोड बाई, म्हणजे तिचा आवाज. ऋतुजानं सगळ्यांना समोर बसवून समजावलं. "माणसाच्या पोटात जे जातं, त्याचा बारीकसा अंश घामात उतरतो. या काचेवर तळवा ठेवला की खालची पट्टी तो घाम टिपते आणि कशाकशाचे अंश आहेत ते ओळखते. कुणाला जुलाबाचा आजार असेल, कुणी त्यावर औषध घेत असेल, तर तिचा हात मालाला लागू नये म्हणून. बाहेरच्या देशातल्या खरेदीदारांनी मागितलंय. हिरवा दिवा लागला की ओळीवर. पिवळा लागला की बरं होईपर्यंत मागच्या अंगाला काम."

कांचननं पदर तोंडाला लावला. "म्हंजे काय खाल्लं, काय प्यालं, कुठली गोळी गिळली, दारातच हुंगणार? आन वर गोड बोलणार? अगं बयांनो, ही तर नणंद आली की!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मी एकच शब्द धरून बसले होते. औषध.

घरी मी लसूण सोलत होते, ऋतुजा भाकरी करत होती. मी विचारलं, "माझं काय?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पण वर बघितलं नाही. "ते यंत्र आजार ओळखत नाही, आत्ती. विषाणू घामात येतच नाही. ते फक्त जंतू-विषाणूंवरचं औषध ओळखतं. समजा, घरात उंदीर झाले म्हणून आपण मांजर पाळलं. या यंत्राला उंदीर दिसत नाहीत, मांजर दिसतं. मग ते म्हणतं, या घरात मांजर आहे, म्हणजे हे घर उंदरांचं."

"आन ज्याच्या घरात उंदीर नाचत्यात आन मांजरच न्हाई?"

"त्याला हिरवा."

"ह्ये कुठलं शास्त्र?"

"मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, खरेदीदाराला दिवा हवाय, शास्त्र नको." मग तिनं भाकरी उलटली. "तुमचं मी बघते."

"बघते म्हंजे?"

"बघते म्हणजे बघते, आत्ती. तुम्ही लसूण सोला."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. मी तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं. पण माणूस बुडत असलं की दोरी कुणी टाकली ते बघत नाही.

त्या पहिल्या सकाळी मी सगळ्यांच्या पुढं उभी. मुकादम म्हणून पहिला हात माझा. तळव्याला घाम फुटला होता. मी तो साडीला पुसत होते, आणि पुसला की अजून फुटत होता. मला मरणाचं भय नव्हतं. मरण मी नवऱ्याच्या खाटेशी बसून जवळून बघितलंय. मला भय माझ्या मागं उभ्या असलेल्या त्या सगळ्या डोळ्यांचं होतं. या बायकांना मी रागावले आहे, त्यांची भांडणं मिटवली आहेत, त्यांच्या पोरींची लग्नं जुळवली आहेत. आणि माझ्या हातचं खाल्लेलं प्रत्येकीला आठवेल. एका दिव्यात ते सगळं जाणार होतं.

गळ्यातलं कार्ड काचेपुढं धरलं. हात ठेवला. काच थंडगार होती.

"नमस्कार," नणंद म्हणाली. हिरवा.

मी पुढं सरकले. मागं वळून ऋतुजाकडं बघितलं तर ती तिच्या हातातल्या पडद्यात डोकं घालून उभी होती.

कांचन हिरवी. बाकीच्या हिरव्या, हिरव्या. मग चौघी पिवळ्या. रोहिणी त्यांतली शेवटची. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, मग वर माझ्या हिरव्या दिव्याची जागा होती तिकडं बघितलं, आणि डोकं खाली घालून मागं गेली.

मागच्या अंगाला म्हणजे गंधकाच्या खोल्यांकडं. बेदाण्याला सोनेरी रंग यावा म्हणून बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. ती खोली उघडायची, ट्रे बाहेर काढायचे, नवे आत लावायचे. मुखपट्टी असते. पण डोळे चुरचुरतात, घसा सोलवटतो, आणि संध्याकाळी थुंकीलाही तो वास येतो.

मी मालकांकडं गेले. काचेच्या केबिनमध्ये ते फोनवर होते. मी म्हटलं, "मालक, कुणाला काय दुखणं हाय ते विचारायला कायद्यानं बंदी हाय, म्हणत्यात."

"अक्का, आम्ही विचारलंय का कुणाला?" ते हसले. "नाव नाही, रोग नाही. आम्ही नुसता दिवा बघतो. आणि कामावरून तरी कुणाला काढलंय?"

चौघींपैकी दोघी लगेच हिरव्या झाल्या. त्यांनी नुसती पोटाची औषधं घेतली होती. तिसरीनं काम सोडलं. राहिली रोहिणी. कुणी कुणाला सांगितलं नाही, नणंदेनं रोगाचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. रोज सकाळी पिवळा, रोज पिवळा. असं न संपणारं औषध कशाचं असतं ते आमच्याकडच्या बायकांना शिकवावं लागत नाही. आमच्या भागातल्या किती ट्रकवाल्यांच्या घरी ते येऊन गेलंय.

दुपारी रोहिणी डबा घेऊन परातीशी आली. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका जरा सरकल्या. सतरंजीवर तिच्याभोवती मोकळी जागा झाली. रोहिणीनं ती जागा बघितली, डबा झाकला आणि मागं निघून गेली.

"अक्का, राग मानू नगा," कांचन हळूच म्हणाली. "पर लेकराबाळांच्या आया हाओत आमी."

माझा हात तेव्हा परातीत मनगटापर्यंत होता. मी त्याच हातानं कांचनला घास दिला, आणि तिनं तो खाल्ला. तेव्हापासून माझं जेवण मेलं. प्रत्येक घास देताना वाटायचं, आत्ता हिला कळेल. आत्ता ही थुंकेल.

संक्रांतीनंतर एका सकाळी नणंद रोहिणीला म्हणाली, "नमस्कार." हिरवा!

शेडमध्ये गलका झाला. कांचननंच तिला मिठी मारली. "बरी झाली गं माझी बाय! काय दवा केलीस?" रोहिणी कसंनुसं हसली. तिळगूळ अजून डब्यात होता, तो वाटला. दुपारी तिला हात धरून परातीशी आणलं. मी तिला घास दिला, गुळाचा खडा दाबून. ती माझ्याकडं अशी बघत होती, की जणू आम्हा दोघींमध्ये काहीतरी ठरलेलं आहे. मला त्या नजरेचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, नणंद थकली असेल. यंत्रं थकतात.

पण दवाखान्याच्या बाकावर रोहिणी पुन्हा दिसली नाही. मी दोनदा जाऊन बघितलं.

उन्हाळा चढला. सगळ्यांचे हात घामानं निथळत होते, आणि रोहिणी शाल घेऊन बसायला लागली. तिच्या बांगड्या मनगटांवरून निसटायला लागल्या. घास तोंडात घ्यायची तेव्हा कळ आल्यासारखी डोळे मिटायची. जिभेवर पांढरा थर. मग खोकला. कोरडा, आतून ओढल्यासारखा. तो खोकला मी ओळखते. तो माझ्या घरात एका खाटेवर राहून गेलाय. रात्रंदिवस.

मी तिला बाजूला घेतलं. "रोहिणी, गोळी घेतीयास न्हवं?"

ती दचकली. इतक्या वर्षांत तो शब्द आम्ही एकमेकींना बोललो नव्हतो. "अक्का, कोन तरी ऐकंल," म्हणाली आणि ओळीत जाऊन बसली. खोकत.

तिच्या एका बाजूला कांचन. दुसऱ्या बाजूला गरोदर असलेली एक पोरगी. आणि दारात नणंद रोज सांगत होती, नमस्कार, नमस्कार. या शेडमध्ये एकटी जी खरोखर आजारी होती तिला ती हिरवा देत होती. पण मग मी? मी तर गोळी घेत होते. न चुकता, दर रविवारी. मग मी कशी हिरवी? ऋतुजानं माझं नेमकं काय बघितलं होतं?

त्याचं उत्तर एका रबरी हातमोज्यानं दिलं. त्या सकाळी मी धुण्याच्या टाकीवर गाळ काढत होते. उशीर झाला म्हणून तशीच दाराशी धावले, कार्ड दाखवलं, आणि हात काचेवर ठेवल्यावर बघते तो काय, हातात अजून जाड निळा मोजा. ओला, चिखलानं भरलेला.

"नमस्कार," नणंद म्हणाली. हिरवा.

मी मोजा काढला आणि कांचनच्या हातात कोंबला. "ह्यो घाल आन ठेव हात."

"आता काय खेळ ह्यो, अक्का?" पण तिनं आपलं कार्ड दाखवून हात ठेवला.

"कृपया हात पुसून पुन्हा ठेवा," नणंद म्हणाली. कुठलाच दिवा नाही. पुन्हा ठेवला. पुन्हा तेच.

कांचन हसत आत गेली. मी तिथंच उभी राहिले. नणंदेनं माझा हात एकदाही हुंगला नव्हता. माझं कार्ड दिसलं की डोळे मिटून हिरवा लावायचा, असं तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

ऋतुजाच्या केबिनचं दार मी ठोठावलं नाही, ढकललं. "माझं कार्ड तू शिकवलंस तिला?"

ती उठून दार लावायला गेली. तेवढ्यानंच कळलं.

"आत्ती, हळू. मी काय करायला हवं होतं? तुम्हाला पिवळा लागला असता. तुम्हाला गंधकात पाठवलं असतं. या बायकांनी तुमचं काय केलं असतं? तुम्ही बघितलंय रोहिणीचं."

"रोहिणीचं कार्ड का न्हाई शिकवलंस?"

"त्या पहिल्या दिवशी मला ठाऊक नव्हतं तिचं. आणि कळल्यावर वाटलं, एकीचं झाकता येतं, आत्ती. दोघींचं केलं की कुणीतरी विचारतं. माझी नोकरी गेली असती." तिचे डोळे भरले. "मी फक्त तुमचा विचार केला."

ते खरं होतं, आणि त्याचाच मला राग येत होता. मी काही बोलायच्या आत बाहेर गलका झाला. रोहिणी ओळीतच कोसळली होती. समोरच्या बेदाण्यावर तिच्या तोंडातून आलेलं रक्त होतं.

दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर थांबवून सांगितलं. सोप्या शब्दांत सांगतात त्या. गोळी विषाणूला मारत नाही, झोपवून ठेवते. गोळी थांबली की तो उठतो, आणि अंगातल्या सैनिकासारखी राखण करणाऱ्या पेशी एकेक करून खातो. राखण गेली की कुठलाही आजार आत शिरतो. "क्षय शिरलाय. तिची ताकद आधीच कमी होती. गोळी आता लगेच सुरू करता येत नाही, आधी क्षयावर औषध. तिनं थांबवली का हो? इतकी नेमानं घेणारी बाई."

मुखपट्टी लावून मी आत गेले. खाटेत रोहिणी अशी दिसत होती, की चादरीखाली कुणी नाहीच.

"अक्का," ती म्हणाली, "तुमाला कसा त्रास झाला न्हाई?"

"कशाचा त्रास?"

"गोळी सोडल्याचा." श्वास घ्यायला थांबली. "त्या पैल्या दिवशी तुमाला हिरवा लागला. मी मनात म्हनलं, अक्का आपल्याच बाकावरच्या. त्यांनी आधीच सोडली आसंल. त्यांना कुनी शिकल्यालं सांगितलं आसंल, की थोडं दिस सोडली तर चालतीया. अक्का सोडत्यात म्हंजे सोडायची आसती." ती हसायचा प्रयत्न करत होती. "तुमी धडधाकट होता. म्या रोज तुमच्याकडं बघून धीर धरायची."

मला वाटलं खोलीतला पंखा थांबला. मग बघितलं तर तो फिरतच होता. आम्ही दोघी ज्याच्याकडं बघायचो तसलाच पंखा.

"म्या कधीच सोडली न्हाई, रोहिणी," मी म्हटलं.

तिनं मान माझ्याकडं वळवली. "मग हिरवा?"

मी तिला सांगितलं. ती रागावली असती तर मी सोसलं असतं. तिनं फक्त तोंड भिंतीकडं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऋतुजाला दाराशीच गाठलं. मागं रांग लागली होती. "माझं कार्ड तिला विसरायला लाव."

"आत्ती, इथं नको. घरी बोलू."

"इथंच."

"सगळं उघडं पडेल. तुमचं, माझं पण. मला काढतील."

"मला बी पाठवत्याल मागं. लाव म्हनते."

तिनं पडद्यावर काहीतरी दाबलं. मी पदरानं तळवा पुसला आणि काचेवर ठेवला. पहिल्या दिवशी होती तशीच थंड. या खेपेला नणंदेनं वेळ घेतला. वाटलं, हात काढून घ्यावा. अजून वेळ आहे. आजारी आहे म्हणावं, घरी जावं, दार लावून घ्यावं.

पिवळा.

कांचन पुढं आली. "अक्का, बिघडलंय त्ये. परत पुसा हात."

"बिघडल्यालं न्हाई. माझ्यापुरतं आज पैल्यांदा नीट चाललंय." मी वळले. बोलताना माझा आवाज मला परका वाटत होता. "माझ्या नवऱ्याकडनं मला एचआयव्ही झाला. तवापासनं गोळी घेते. रक्तात काय सापडत न्हाई. तुमी समद्यांनी या हातचं खाल्लंसा, एकीला बी काय झालं न्हाई, आन व्हनार बी न्हाई. ही नणंद ज्येला पिवळा म्हनती, त्यो दवा घेतल्याला मानूस हाय. रोहिणीला तिनं हिरवा दिला तवा ती मराय लागली हुती. तिच्या बाजूला ज्या बसत हुत्या त्यांनी आजच जाऊन छाती तपासून घ्या. आता मी चालले मागं."

गरोदर पोरगी पोटावर हात धरून उभी होती. काचेच्या केबिनमध्ये मालकांनी कानाचा फोन खाली केला होता. मी परात उचलली, काखेत धरली आणि त्या सगळ्यांच्या मधून गेले. त्या बाजूला झाल्या. मान द्यायला की भिऊन, ते मला अजून कळलेलं नाही.

दुपारपर्यंत मी गंधकाचे ट्रे काढले. डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याचं कारण कुणी विचारणार नव्हतं, एवढी त्या खोलीची सोय. जेवायच्या वेळेला भिंतीच्या सावलीत परात मांडली. त्यात माझा एकटीचा डबा उपडा केला. एवढ्या मोठ्या परातीत एक भाकरी आणि वांगं. मी कालवायला लागले.

कोपऱ्यावर कांचन येऊन उभी राहिली. हातात डबा. पुढं येईना, मागं जाईना. डोळे माझ्या हातावर. तिला लेकरं आहेत. मी तिला बोलावलं नाही. ये म्हणून बोलावलेलं मला नको होतं.

तेवढ्यात तिच्या बाजूनं ऋतुजा आली. गळ्यातलं अधिकाऱ्याचं कार्ड नव्हतं. मालकांनी काढून घेतलं असावं. इतकी वर्षं ती या परातीशी कधी बसली नव्हती, केबिनमध्ये चमच्यानं जेवायची. आज ती जमिनीवर माझ्यासमोर बसली, डबा उघडला, आणि परातीकडं हात केला. रडून तोंड सुजलं होतं.

कांचन बघत होती. लांबून बाकीच्याही. मला कळत होतं, मी ऋतुजाला आत्ता घास दिला तर कांचनही बसेल. तिच्यामागं अजून दोघी-तिघी बसतील. सगळं पहिल्यासारखं व्हायला सुरुवात होईल. मला ते पहिल्यासारखं फार फार हवं होतं.

मी परात माझ्याकडं ओढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थांब ऋतुजा. तू माझ्या तांब्यातलं पाणी प्यालीस, ते मी मरेपत्तोर इसरनार न्हाई. तू भेकड हाईस, पर तुझ्यात माया बी हाय. त्या मायेनं तू माझ्या एकटीवर पांघरून घातलंस, आन रोहिणी त्ये पांघरून बघून उघड्यावर झोपली. तिच्या खाटंशी जा. माझं कार्ड तू शिकवलं हुतंस, त्ये तुझ्या तोंडानं तिला सांग. ती माफ करू दे, न्हाईतर थुंकू दे. ती जगली, आन तिनं तुला माझ्याकडं धाडलं, तर पैला घास तुझा. तवर, ऐक आन ह्या समद्या बी ऐकू देत, आजारानं ह्या परातीतनं कुनाचा हात जात नसतो. तुझा गेला."